दत्ताराम मेस्त्रींचे खाडे

एक मोठी बॅग, एक छोटी बॅग आणि बायको असा सगळा लवाजमा घेऊन दत्ताराम मेस्त्री करी रोडच्या टॉवरमधून खाली उतरले, तेव्हा वॉचमनने नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, गावाला?"

"नाही. कफ परेडला."

वॉचमनला वाटलं काकांना प्रश्न ऐकू आला नाही, म्हणून त्याने तो पुन्हा मोठ्याने विचारला. दत्तारामांनी उत्तरही तेवढ्याच मोठ्याने दिलं, आणि वर सांगून टाकलं, "सुट्टीवर चाललोय. हॉटेलात. जेवणखाण सगळं आत."

हे 'सगळं आत' गेला महिनाभर आख्ख्या टॉवरला पाठ झालं होतं. दोन रात्रींचं राहणं आणि पाच वेळचं खाणं, पैसे आधीच भरून मोकळे. आता फक्त जायचं आणि हाणायचं. सून दर्शना हिने हे पॅकेज मोबाईलवर शोधून काढलं, पण त्यात जेवणाचा प्लॅन घालायचाच असा हट्ट सासऱ्यांचा. टॅक्सीने जेमतेम अर्ध्या तासावरच्या हॉटेलात राहायला जाणाऱ्या माणसाला लोक वेड्यात काढणारच. त्यावर दत्तारामांचं उत्तर तयार होतं. "पैसे वसूल कसे करायचे ते मला शिकवू नका. मी खाणावळीत वाढलेला माणूस आहे."

यात खोटं काही नव्हतं. मालवणकडून मुंबईत आले तेव्हा त्यांना मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागले आणि लालबागला गंगुबाईंच्या खाणावळीत मेंबर झाले. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळचं जेवण, पाटावर बसून. गंगुबाई अंगाने काटकुळ्या, पण कायद्याने कडक. एखाद्या वेळी जेवायला यायचं नसेल तर आदल्या दिवशी सांगायचं. मग त्या वेळेचा खाडा धरला जायचा. आयत्या वेळी सांगितलं तर खाडा नाही, जेवण बुडालं. खाड्याचे पैसे परत मागितले तर मात्र गंगुबाई अशा बघायच्या की मागणाऱ्याला पुढचे दोन घास जात नसत. पैसे मिळायचे नाहीत. खाडे साठले की त्या बदल्यात पाहुण्याचं एक ताट मिळायचं. गावाहून भाऊ आला, मेव्हणा आला, तर त्याला घेऊन यायचं. आणि पाहुण्याचा मान मोठा. तो पहिल्या पंगतीला बसणार, त्याला गरम वाढलं जाणार, आणि त्याचं होईपर्यंत कोणी पाटावरून उठायचं नाही. पाहुण्याने नको म्हणायचं नाही, हाही कायदाच.

वाढायला गंगुबाईंची मुलगी शेवंती असायची. ती वाढू लागल्यावर दत्तारामांचे खाडे कमी होत गेले आणि मग बंदच झाले. एकदा ताप अंगात घेऊन ते जेवायला आले, तेव्हा गंगुबाईंनी काय ते ओळखलं आणि लग्न लावून दिलं. मिलमधले दोस्त म्हणायचे, दत्ताने जन्माचे पैसे आगाऊ भरले.

पुढे मिल गेली आणि घर खाणावळीवर चाललं. गंगुबाई गेल्यावर शेवंतीने पदर खोचला तो जवळजवळ चाळीस वर्षं. दत्तारामही ताटं उचलू लागले, बाजार आणू लागले, पण चूल तिचीच. सगळ्या पंगती उठल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहायची आणि टोपाच्या तळाशी उरलेला भात कालवणाच्या खरवडीशी कालवून पटापट गिळायची. बायकोला बसून, गरमागरम जेवताना दत्तारामांनी स्वतःच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. तिथेही ती हळदीच्या हातांनी मधेच उठून, आत भात पुरेल ना ते बघायला गेली होती.

चाळ पाडून टॉवर झाला, खाणावळ मिटली. आता जेवायला मुलगा धनेश, सून आणि हे दोघं, म्हणजे माणसं चार. तरी शेवंती शेवटची, तरी उभी. दर्शना भांडून भांडून थकली. गावाला न्यावं तर तिथे चूल होतीच, आणि चूल दिसली की शेवंतीला माणूस दिसत नसे.

म्हणून हे हॉटेल. दत्तारामांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांना पैसेबिसे काही वसूल करायचे नव्हते. बायकोने एकदा, फक्त एकदा, आपल्या शेजारी बसावं, पहिल्या पंगतीत, आणि कोणीतरी वाढलेलं गरम जेवावं. जिच्या हातचं गरम खाऊन आपण एवढे झालो तिला आपण गार खाताना बघत आलो, ही गोष्ट त्यांना म्हातारपणी फार टोचू लागली होती.

हॉटेलची खोली उंचावर होती. खिडकीतून मच्छीमार नगरातल्या होड्या आणि वाळत घातलेले बोंबील दिसत होते. शेवंतीबाईंनी पडदा सारून खाली बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "बोंबील बरे वाळल्यात. निघताना घेऊन जाऊया."

"अगो, आपण सुट्टीवर इलंव," दत्ताराम म्हणाले.

"मग काय सुट्टीवर बोंबील खात नाय?"

रात्रीच्या जेवणाला दोघं खाली गेले आणि दत्तारामांच्या बेताला पहिली ठेच लागली. तिथे बुफे होता. पाट नाही, पंगत नाही, वाढणारा नाही. झाकणं लावलेली भांडी, समोर रांग, आणि ज्याने त्याने हाताने घ्यायचं. त्यात कुठल्याशा कंपनीची मंडळी मीटिंग आटपून आलेली, सगळ्यांच्या गळ्यात पट्ट्या आणि पोटात कावळे. शेवंतीबाई ताट हातात घेऊन रांगेजवळ गेल्या, मागून कोणी आला की बाजूला झाल्या, आणखी कोणी आला की आणखी बाजूला झाल्या, असं करत करत भिंतीला जाऊन टेकल्या.

"काय झाला? घे ना."

"आधी तेंचा होऊंदे. दमून इल्यात बिचारे."

"शेवंते, ते आपले मेंबर नाय."

"भुकेक मेंबर लागता काय?"

कंपनीचं पोट काही लवकर भरेना. दत्ताराम स्वतः जेवून घेईनात, कारण ती शेजारी हवी. अखेरीस रांग संपली तेव्हा भांड्याखालच्या ज्योतीही विझवल्या होत्या. शेवंतीबाईंनी आमटीच्या तळाची डाळ आणि चामड्यासारखा झालेला नान आणला. त्या भिंतीलाच टेकून खाणार होत्या. दत्तारामांनी खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. बसून जेवण झालं, पण गरम नाही. निम्मंच काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव बदलला. न्याहरीला दरवाजा उघडायच्या आधीच बायकोला दारात नेऊन उभं केलं. आत शुकशुकाट. तिला कोणासाठी थांबायला माणूसच नव्हता. शेवंतीबाईंनी गरम उपमा घेतला, अंडं घेतलं, खुर्चीत बसल्या. दत्तारामांचा जीव सुपाएवढा झाला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर एक तरुण बाई तान्ह्या मुलाला घेऊन आली, आणि त्या मुलाने भोकाड पसरलं. त्याच्या आईने एका हाताने डोसा तोडायचा प्रयत्न केला. झालं. शेवंतीबाई उठल्या.

"दे गो इकडे. तू खाऊन घे गरम गरम."

ती बाई खाऊन उठली, वर तिने दुसरी कॉफी घेतली, तिचा नवरा येऊन जेवून गेला, तरी मूल शेवंतीबाईंच्या खांद्यावर. उपम्याचा गार गोळा झाला. आणि दत्ताराम हा सगळा वेळ काय करत होते? तर रागाने खात होते. दुसऱ्याच्या बायकोने गरम डोसा खाल्लेला बघून त्यांना असा संताप आला की त्यांनी दोघांचंही वसूल करायचं ठरवलं. दुपारी तर त्यांनी कहर केला. भात नको, पोळी नको, डाळ नको, घरी मिळतं ते काहीच नको. नुसत्या कोलंब्या, मग खेकडा, मग परत कोलंब्या, वर क्रीम घातलेलं काहीतरी गोड, आणि ते कशाचं आहे ते कळेना म्हणून पुन्हा एकदा. शेवंतीबाई बघत राहिल्या. खाणावळ चालवलेल्या बाईला कुठल्या मेंबराचं पोट कधी उलटणार हे ताटावरून कळतं. त्यांनी स्वतःचं ताट न वाढताच ठेवून दिलं आणि नवऱ्याला खोलीवर घेऊन गेल्या.

दुपारभर दत्ताराम बाथरूममध्ये आणि शेवंतीबाई दाराबाहेर. संध्याकाळी पोट थोडं थंडावलं तेव्हा शेवंतीबाईंनी बॅगेच्या तळातून एक डबा काढला. त्यात आंबोळ्या होत्या.

"ह्या कधी घातलंस?" दत्तारामांनी क्षीण आवाजात विचारलं.

"निघताना. म्हटला, परमुलखात पोटाचा काय सांगता येता?"

खाली चौथ्या वेळचं जेवण रचून ठेवलं होतं, पैसे भरलेलं, सगळं आत. आणि वर खोलीत नवरा-बायको करी रोडहून आणलेल्या गार आंबोळ्या मोडून खात होते. दत्तारामांना हसावं की रडावं ते कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळची न्याहरी तेवढी उरली होती, आणि न्याहरीचं पाणी त्यांनी जोखलं होतं. कोणाचं ना कोणाचं मूल रडणारच. म्हणजे चाळीस वर्षांत जे झालं नाही ते आता होणार नाही. त्यांना खरंच वाईट वाटलं, एवढं की पोटाचं दुखणं विसरायला झालं.

मग त्यांना खाडे आठवले.

त्यांनी शर्ट घातला, केस विंचरले आणि खाली गेले. तिथे जेवणघराचा मुख्य म्हणून चिंतामणी नावाचा तरणाताठा मुलगा होता. काळा कोट, छातीवर नावाची पट्टी, नाव वाचून दत्तारामांना धीर आला. आपला माणूस.

"चिंतामणी, जरा बाजूला ये रे. खाड्याबद्दल बोलायचंय."

चिंतामणीचा चेहरा पडला. "खाडा? कुठला खाडा, काका?"

"कालच्या रात्रीचा अर्धा, दुपारचा एक, आत्ताचा धरला तर आणखी. सगळे मांडून घ्यायला हवेत. असं हवेवर सोडून चालत नाही."

चिंतामणीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "काका, प्लीज. काल रात्री फक्त हाफ शिफ्ट नव्हतो. वरळी कोळीवाड्यात चुलत बहिणीची हळद होती, गेलो नसतो तर आईने घरात घेतलं नसतं. आज दुपारी मी होतो, शप्पथ, फक्त मागे कुकरकडे होतो. तुम्ही ऑडिटवाले आहात का?"

दत्तारामांच्या डोक्यात प्रकाश पडला. कामाला दांडी मारली की त्यालाही खाडाच म्हणतात.

"अरे बाबा, तुझा नाही, माझा खाडा! माझ्या जेवणाचा!"

मग खुर्चीत बसून त्यांनी त्याला गंगुबाईंचा सगळा कायदा सांगितला. चिंतामणीला ऐकण्यात फार रस होता असं नाही, पण नोकरी वाचल्याच्या आनंदात माणूस काहीही ऐकतो. शेवटी तो म्हणाला, "काका, सिस्टीममध्ये असं काही नाही. न खाल्लेलं जेवण गेलं म्हणजे गेलं. रिफंड नाही."

"रिफंड कोण मागतंय? एक पाहुण्याचं ताट दे. उद्या दुपारी."

"उद्या दुपारचं तुमच्या प्लॅनमध्ये नाहीये. आणि बाहेरचा पाहुणा अलाऊड नाही."

"बाहेरचा नाहीच. आतलाच आहे."

"आतला? मग…" चिंतामणी विचारात पडला. "बुफेला नाही जमणार. तिथे मोजदाद असते. किचनमधून एक थाळी मी लावून देऊ शकतो. पण ती टेबलावर येईल, हं. हाताने घ्यायचं नाही."

"वाढून देणार?"

"वाढूनच द्यावी लागेल."

दत्तारामांना त्याचे गाल धरावेसे वाटले. "आणि गरम?"

"काका, तुम्ही माझी हळद कोणाला सांगू नका. मी ताटाखाली स्वतः जाळ धरतो."

दुसऱ्या दिवशी न्याहरीला शेवंतीबाईंनी अपेक्षेप्रमाणे एका गुजराती आजोबांना त्यांचं चष्म्याचं घर शोधून दिलं आणि स्वतः चहावर भागवलं. दुपार होत आली तशा दत्तारामांनी बॅगा भरल्या, किल्ली परत केली, टॅक्सी बोलावली. मग ते म्हणाले, "थोडा थांबूचा आसा. माझे खाडे साठले. पावण्याचा ताट लावलंय."

शेवंतीबाई थबकल्या. किती वर्षांनी हा शब्द कानावर पडला होता.

"हयसर? पावण्याचा ताट?"

"होय तर. मी मेंबर, माझे खाडे. कायद्यान माका ताट मिळता."

"आणि पावणो खंय? कोण येतलो?"

दत्तारामांनी खिडकीजवळच्या टेबलाची खुर्ची मागे ओढली. "बस."

"मी?"

"तू."

"माका कित्याक…"

"पावण्यान नको म्हणूचा नाय. कायदो कोणाचो? तुझ्या आयशीचो."

शेवंतीबाईंनी खुर्चीकडे बघितलं. आईच्या कायद्यापुढे त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर सावरला आणि हळदीकुंकवाला बोलावलेल्या बाईसारख्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. चिंतामणी थाळी घेऊन आला. भातातून वाफ निघत होती. माशाचं तिखलं होतं, तळलेला मासा होता, सोलकढी होती. त्याने ताट ठेवलं, वाकून विचारलं, "आजी, काय काय आवडतं तुम्हाला? आणखी काय आणू?"

शेवंतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दत्ताराम उत्तर द्यायला सरसावले आणि अडले. त्यांना माहीत नव्हतं. आख्ख्या लालबागेतल्या मेंबरांना काय आवडतं हे तिला पाठ होतं, आणि तिला काय आवडतं हे त्यांना सांगता येत नव्हतं.

"आणखी थोडी कढी," शेवंतीबाईच म्हणाल्या. "आणि मासो काढ. माका तळलेलो आवडत नाय."

"सुरमई आवडत नाय?" दत्तारामांचा आवाज चिरकला. "दर रविवारी तळतंस ती?"

"तुमका आवडता."

मग त्या जेवल्या. दत्तारामांना आजवर वाटायचं की आपली बायको भराभर जेवणारी. ती मुळीच तशी नव्हती. ती भाताचा लहान घास करायची, तो तिखल्यात बुडवायची, थांबायची, कढीचा घोट घ्यायची, खिडकीतून खालच्या होड्यांकडे बघायची, आणि मग पुढचा घास. मध्येच म्हणाली, "कालवणात तिरफळां जास्त पडल्यात," आणि तरीही चाटून खाल्लं. टॅक्सीवाल्याचा फोन आला. दत्तारामांनी तो बंद केला. जेवणघर रिकामं झालं, टेबलं पुसली गेली, चिंतामणीची माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. एकजण ताट उचलायला आला तेव्हा दत्तारामांनी त्याला हातानेच थोपवलं.

"पाहुणा जेवतोय अजून," ते म्हणाले. मग त्यांनी उगाच पाण्याचा ग्लास सरळ केला.

शेवंतीबाईंनी शेवटचा घास खाल्ला, बोटं चाटली, पाणी प्यायल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ताट स्वतः उचललं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसल्या. चेहऱ्यावर एक निराळंच समाधान होतं, आणि त्याच्या आड काहीतरी शिजत होतं. दत्तारामांना ते दिसायला हवं होतं, पण त्यांचे डोळे पाणावलेले होते.

बोंबील घेऊन दोघं टॅक्सीत बसले. बॅगा डिकीत गेल्या, बोंबील शेवंतीबाईंच्या मांडीवर. गाडी निघाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "उद्या दुपारचो माझो खाडो."

"कसलो खाडो?"

"रांधपाचो. उद्या मी चुलीकडे जावचंय नाय. आदल्या दिवशी सांगतंय, म्हणजे धरूक व्हयो."

दत्तारामांनी कायद्यात कुठे फट सापडते का ते शोधून पाहिलं. सापडली नाही. दर्शना आणि धनेश दोघंही उद्या ऑफिसात.

गाडी भायखळ्यापर्यंत आली. मग त्यांनी हळूच विचारलं, "गो, भाताक पाणी किती घालतत?"

"पावण्याक विचारू नये," शेवंतीबाई म्हणाल्या, आणि डोळे मिटून मागे टेकल्या.